गेम सर्व्हर घरचा, पत्ता ओळखीच्यांपुरता

अनेकांनी एकाच वेळी खेळायचा संगणकीय खेळ नेमका कुठे चालतो, हा प्रश्न पालकांना सहसा पडत नाही, कारण पडदा घरात असतो आणि मूलही घरात असते. प्रत्यक्षात मुलाच्या हातातला टॅब किंवा लॅपटॉप केवळ चित्र दाखवण्याचे आणि बोटांच्या हालचाली कळवण्याचे काम करतो. कोणी कोणती भिंत बांधली, कोण कुठे उभा आहे, कोणाच्या पेटीत काय आहे, याचा प्रमाण मानला जाणारा हिशेब दुसऱ्याच एका यंत्रावर ठेवलेला असतो, आणि त्या यंत्राला व त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला मिळून सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती प्रवेशाचे नियम, खेळाच्या वेळा आणि मुलांच्या आपसातल्या गप्पांची नोंद या तिन्ही गोष्टी असतात, हे लक्षात घेतले म्हणजे तो घरात आणण्याचा विचार निव्वळ हौशी तंत्रज्ञांपुरता राहत नाही.

चेन्नईतल्या मैलापूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माडवीथी, कचेरी रोड, लझ कॉर्नर हा सगळा परिसर पायी हिंडण्याजोगा आहे, आणि एका शाळेत शेजारी बसणारी मुले बहुधा एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर राहतात. तरीही ती मुले सिंगापुरात ठेवलेल्या एखाद्या सार्वजनिक सर्व्हरवर खेळत असतील, तर त्यांची प्रत्येक हालचाल बंगालच्या उपसागराखालून जाऊन परत येते. चेन्नई आणि सिंगापूर यांना जोडणारी आयटूआय ही समुद्रतळाची केबल भारती आणि सिंगटेल या कंपन्यांनी २००२ मध्ये सुरू केली आणि तिची लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो हे धरले, तर जाऊन येण्यात किमान ३२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ३२ हजारांश, खर्च होतात. सर्व्हर त्यांच्यापैकी एकाच्या घरी असला आणि दोन्ही घरांचा इंटरनेट सेवादाता एकच असला, तर ही ये-जा बहुधा शहरातच पूर्ण होते.

तथापि हा वेग घरगुती सर्व्हरच्या बाजूचा खरा युक्तिवाद मानणे बरोबर नाही. माइनक्राफ्टसारख्या खेळाचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी, आपले जग पुढे सरकवतो, त्यामुळे मुले ज्याला ‘लॅग’ म्हणतात ती अडखळ ३२ मिलिसेकंदांनी फारशी जाणवत नाही. खरा युक्तिवाद दाराचा आहे. सार्वजनिक सर्व्हरवर कोणत्याही वयाचा, कोणत्याही देशातला माणूस टोपणनावाने येऊन मुलाशी बोलू शकतो, आणि त्या सर्व्हरचा चालक बहुधा खेळातल्या वस्तू व दर्जे विकून आपला खर्च काढत असतो. ‘खासगी सर्व्हर’ या नावाने कंपन्या जी भाड्याची सोय देतात तिच्यात निमंत्रितांची यादी ठेवता येते हे खरे, पण यंत्र कंपनीचेच राहते, भाडे थकले की जगही तिच्याच नियमांनुसार बंद होते, आणि पडद्यामागे काय चालते हे मुलांना कधी दिसत नाही. घरच्या सर्व्हरवर ओळखीच्या आठ-दहा मुलांखेरीज कोणी येऊ नये, हे घर स्वतः ठरवते आणि ते पाळले जाते की नाही हेही घरच पाहते.

कोणता खेळ निवडावा, याचे उत्तर मुलांनी बहुधा आधीच ठरवलेले असते. मार्कस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ मध्ये लोकांपुढे आणलेला आणि २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेला माइनक्राफ्ट २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना विकत घेतला. त्याचा सर्व्हर प्रोग्राम विनामूल्य मिळतो, मात्र खेळणाऱ्या प्रत्येक मुलाकडे विकत घेतलेली प्रत असावी लागते. त्यात दोन कुळे आहेत: संगणकावर चालणारी जावा आवृत्ती आणि फोन, टॅब व गेमच्या यंत्रांवरही चालणारी बेडरॉक आवृत्ती. या दोहोंचे सर्व्हर मुळात एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे मित्रमंडळींपैकी कोणाकडे काय आहे याची चौकशी यंत्र विकत घेण्याआधीच करणे इष्ट; पुढे दोन्ही कुळांना एकत्र आणणारा गायझर नावाचा दुभाषी प्रोग्राम जोडता येतो, पण तो दर सुधारणेनंतर पुन्हा सांभाळावा लागतो. दुसरा पर्याय लुआंटीचा आहे. पेर्टू अहोला या फिनिश प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेला आणि २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत माइनटेस्ट या नावाने ओळखला जाणारा हा मुक्त प्रकल्प ठोकळ्यांच्या जगाचेच खेळ चालवतो, कोणालाही काही विकत घ्यावे लागत नाही, जुन्या संगणकांवर तो निमूट चालतो, आणि त्याचे खेळ लुआ या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असल्यामुळे बारा-तेरा वर्षांचे मूलही त्यात स्वतःची भर घालू शकते. ज्या गटात काही घरांना प्रत्येकी एक प्रत घेणे जड जाते, तिथे लुआंटीच न्याय्य ठरतो, कारण मैत्रीच्या गटात विकत घेण्याच्या ऐपतीवरून मुले गळू लागली तर सर्व्हर उभारण्याचा हेतूच उरत नाही.

यंत्र किती ताकदीचे असावे हे समजण्यासाठी ‘चंक’ ही कल्पना समजून घ्यावी लागते. माइनक्राफ्टचे जग एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यांचे असते आणि सर्व्हर ते एकेक ठोकळा करून न हाताळता १६ बाय १६ ठोकळ्यांच्या उभ्या स्तंभांत हाताळतो; असा एक स्तंभ म्हणजे चंक. कपालीश्वर मंदिराचा तलाव सुमारे १९० मीटर लांब आणि १४३ मीटर रुंद आहे, म्हणजे तो याच मापाने खेळात बांधायचा ठरवला तर बारा बाय नऊ, असे १०८ चंक व्यापेल. सर्व्हर प्रत्येक खेळाडूभोवती चारही दिशांना मुळात दहा-दहा चंक जागे ठेवतो, खेळाडू उभा असतो तो धरून एका बाजूस २१, म्हणजे एकूण ४४१ चंक होतात, आणि सहा मुले सहा दिशांना पांगली की हा आकडा अडीच हजारांपलीकडे जातो. स्मृती आणि प्रक्रियक यांच्यावरचा भार येतो तो इथून. हेच अंतर दहावरून सहावर आणले तर प्रत्येक खेळाडूमागे १६९ चंक राहतात, भार दोन पंचमांशाहूनही कमी होतो, आणि जागा २०८ ठोकळ्यांची उरल्यामुळे तलावाच्या मध्यावर उभ्या असलेल्या मुलाला संपूर्ण तलाव तरीही दिसतो. महागडे यंत्र घेण्याआधी सेटिंगच्या फाइलमधला हा एक आकडा बदलून पाहावा, असा सल्ला म्हणूनच अनुभवी लोक देतात.

त्या बेताने पाहता पाच-सहा मुलांच्या माइनक्राफ्टला चार गिगाबाइट स्मृती मोकळी देऊ शकणारा जुना लॅपटॉप किंवा आठ गिगाबाइट स्मृतीचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पुरतो, आणि लुआंटी त्याहूनही कमीत भागवतो. विजेचा हिशेब मात्र यंत्र निवडतानाच करावा. तमिळनाडूत घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांचे बिल एकत्र येते आणि त्यात २०१६ पासून पहिली १०० युनिट विनामूल्य मिळत आली आहेत. साठ वॉट खाणारा जुना डेस्कटॉप अहोरात्र चालू ठेवला तर साठ दिवसांत ८६ युनिट, म्हणजे ही जवळजवळ सगळी सवलत, तो एकटाच संपवतो, तर पाच वॉटच्या पायला तेवढ्याच काळात सात युनिट लागतात. सर्व्हर शाळा सुटल्यानंतरच्या काही तासांपुरता चालू ठेवला तर हा फरक पुष्कळ कमी होतो, आणि मुलांच्या दृष्टीनेही तेच योग्य.

उभारणीचे प्रत्यक्ष काम एका दुपारीत होण्यासारखे आहे. यंत्रावर डेबियनसारखी लिनक्स प्रणाली बसवतात. सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्याच पायावर तयार केलेली बॉस ही प्रणालीही या घराण्यातलीच. निवडलेल्या प्रणालीवर माइनक्राफ्टला लागणारी जावा बसवून सर्व्हरची फाइल उतरवून घेतली आणि ती पहिल्यांदा चालवली की प्रोग्राम लगेच थांबतो आणि करारनाम्याची एक छोटी मजकूर-फाइल मागे ठेवतो. तिच्यातला ‘फॉल्स’ हा शब्द खोडून ‘ट्रू’ लिहिल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. नवख्यांना हा बिघाड वाटतो, पण तो कंपनीच्या अटी मान्य केल्याची नोंद घेण्याचा मार्ग आहे. त्यानंतर राउटरमध्ये त्या यंत्रासाठी घरातला एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा लागतो, अन्यथा वीज जाऊन आल्यावर राउटर त्याला नवाच पत्ता देऊ शकतो आणि कालपर्यंत चालणारा खेळ आज सापडत नाही. अडचण आली तर विचारायला चेन्नईत माणसे आहेत: तिथल्या लिनक्स वापरकर्त्यांचा गट नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे आणि त्याच्या बैठका आयआयटी मद्रासच्या आवारात होत आल्या आहेत.

इथवर सारे घरातल्या वायफायवर चालते. मित्र आपापल्या घरून येऊ पाहतात तेव्हा खरी गाठ पडते ती पत्त्याशी. इंटरनेटच्या जुन्या पत्तेपद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी आहेत, आणि आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच संपुष्टात आला. भारतात घराघरांत फायबर पोचले ते त्यानंतर, त्यामुळे अनेक सेवादाते शेकडो घरांना बाहेरच्या जगासाठी मिळून एकच पत्ता वापरायला लावतात. या व्यवस्थेला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. घरातून बाहेर जाणाऱ्या मागण्यांचे उत्तर तिच्यातून बरोबर परत येते, म्हणून व्हिडिओ पाहताना किंवा बँकेचे काम करताना कोणालाच काही कळत नाही. पण बाहेरून आपणहून येऊ पाहणाऱ्याला, म्हणजे मित्राच्या लॅपटॉपला, त्या शेकडो घरांतले नेमके घर कोणते हे सापडत नाही. राउटरच्या माहितीपानावर बाहेरील बाजूचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर घर या व्यवस्थेखाली आहे असे समजावे, कारण ती पत्तेमाला २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवली गेली. अनेक घरांतला सर्व्हर इथे येऊन अडकतो आणि दोष विनाकारण यंत्राला किंवा खेळाला दिला जातो.

यातून सुटण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, सेवादात्याकडून जादा शुल्क भरून स्वतंत्र पत्ता घेणे आणि राउटरमध्ये पोर्ट उघडणे. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावर चालणाऱ्या निरनिराळ्या सेवांना दिलेला क्रमांक, आणि माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा तो २५५६५, बेडरॉकचा १९१३२ आणि लुआंटीचा ३०००० असतो. दुसरा, आयपीव्ही६ ही नवी पत्तेपद्धत वापरणे, जिच्यात पत्त्यांना तोटा नाही आणि जिच्या प्रसारात भारत जगात आघाडीवर आहे; मात्र दोन्ही टोकांच्या घरी ती सुरू असावी लागते आणि राउटरची भिंत नेमकी तेवढ्यापुरती उघडावी लागते. तिसरा मार्ग असा की बाहेरचे दार उघडूच नये, तर टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारख्या प्रोग्रामने निवडक यंत्रांचे एक बंदिस्त, सांकेतिक जाळे विणावे, ज्यात मैलापूरचा लॅपटॉप, अड्यारच्या मित्राचा संगणक आणि ठाण्याच्या मावसभावाचा टॅब ही तिन्ही यंत्रे एकाच घरातल्या वायफायवर असल्यासारखी एकमेकांना दिसतात. प्रत्येक मित्राच्या यंत्रावर तो प्रोग्राम बसवावा लागतो आणि त्यासाठी त्याच्या पालकांशी बोलावे लागते, हा या मार्गाचा तोटा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः मुलांच्या सर्व्हरच्या बाबतीत हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. एकदा दोन्ही घरचे पालक त्या विषयावर बोलले की वेळा, गप्पांची भाषा आणि भांडणांचे निवारण यांची चर्चाही ओघाने होते. लहान मुलांसाठी हाच मार्ग निवडावा, याविषयी फारशी शंका वाटण्याचे कारण नाही.

उघडे पोर्ट किती लवकर नजरेत येते याची कल्पना बहुतेकांना नसते. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक ठोठावून २५५६५ कुठे उत्तर देते हे पाहत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम सतत चालू असतात, आणि घराचा पत्ता कोणालाच सांगितला नाही म्हणजे तो गुप्त राहिला, हा समज चुकीचा आहे. २०१६ मध्ये मिराई या नावाने कुप्रसिद्ध झालेले, घराघरांतले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन हल्ला करणारे जाळे अमेरिकेतल्या काही तरुणांनी उभारले होते, आणि त्यांच्या लक्ष्यांत माइनक्राफ्टचे सर्व्हर ठळकपणे होते, कारण त्या सर्व्हरच्या धंद्यात पैसा होता. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या घटकात सापडलेली त्रुटी तर माइनक्राफ्टच्या गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टंकून वापरता येत होती. ती ओळ सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिली जाताच परक्याचा प्रोग्राम त्या यंत्रावर चालू शकत असे. घरच्या सर्व्हरची सुधारणा वेळेवर करावी, तो रोजच्या कामाच्या संगणकावर न चालवता वेगळ्या यंत्रावर आणि मर्यादित अधिकारांच्या खात्याखाली चालवावा, या सूचना अशा घटनांमधून आल्या आहेत.

दाराचा दुसरा पहारा खेळाच्या आत असतो. ‘व्हाइटलिस्ट’ सुरू केली की यादीतल्या नावांखेरीज कोणाला प्रवेश मिळत नाही; पण खेळाडूची ओळख मायक्रोसॉफ्टकडून पडताळून घेण्याची सोय कोणी बंद केली असेल तर यादीला अर्थ राहत नाही, कारण मग कोणीही कोणाचेही नाव धारण करून आत येतो. विकत न घेतलेली प्रत वापरणाऱ्या एखाद्या मित्राला सामावून घेण्यासाठी ही सोय बंद करण्याचा आग्रह मुले हमखास धरतात, आणि तो मानू नये. सर्व अधिकार देणारा ‘ऑपरेटर’ हा दर्जाही मुलांपैकी कोणाला सुरुवातीला देऊ नये, नाहीतर पहिल्याच भांडणात एकाचे घर जमीनदोस्त होते आणि दुसरा हद्दपार होतो.

बांधलेल्या जगाची खरी किंमत ते हरवल्यावर कळते. कपालीश्वराचे १९०६ मध्ये बांधलेले पूर्व गोपुर सुमारे ३७ मीटर उंच आहे. तेवढ्याच, म्हणजे ३७ ठोकळ्यांच्या, उंचीचे गोपुर एखाद्या गटाने सुट्टीभर खपून उभारले आणि वीज अचानक गेल्याने रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड बिघडले, तर त्यातले काहीही उरत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात चेन्नईत हा धोका पुस्तकी नसतो: २०१५ चा महापूर, १२ डिसेंबर २०१६ चे वरदा आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग ही चक्रीवादळे, या आपत्तींनी शहराची वीज आणि इंटरनेट दोन्ही विस्कळीत केली होती. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून बरा पडतो तो इथेही, कारण त्याची बॅटरी वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद करण्याएवढी सवड देते. मात्र कायम चार्जरला लावलेली बॅटरी फुगत नाही ना, हे अधूनमधून पाहावे लागते. रोज रात्री सर्व्हरला लेखन थांबवण्याची आज्ञा देऊन जगाच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर आपोआप उतरवावी आणि आठवड्याला एक प्रत दुसऱ्याच घरात ठेवावी. मित्राचे घर त्यासाठी उत्तम.

कायद्याच्या बाजूने घरगुती, पैशाविना चालणारा सर्व्हर निर्धास्त आहे. तमिळनाडूने २०२५ मध्ये मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेत जी बंदी घातली आणि त्याच वर्षी ३ जूनला मद्रास उच्च न्यायालयाने जी वैध ठरवली, ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांसाठी होती; डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हाही व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. तरीही नैतिक जबाबदारी उरतेच. सर्व्हर मुलांच्या गप्पा नोंदवहीत लिहून ठेवतो आणि त्या वाचण्याची सोय यजमान घराच्या पालकाला आपसूक मिळते. दुसऱ्यांच्या मुलांचे बोलणे असे हाती येणे ही साधी गोष्ट नाही. गप्पांची नोंद होते, ती तक्रार आली तरच वाचली जाईल आणि ठरावीक दिवसांनी पुसली जाईल, हे सर्व मुलांना व त्यांच्या पालकांना आधीच सांगावे. मुलांविषयीच्या जबाबदारीचा विचार करण्याची मैलापूरला जुनी परंपरा आहे असे म्हणता येते: तंजावर मराठी समाजातले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांची दिवाणगिरी करून मैलापुरात स्थिरावले, १८९१ मध्ये तिथेच निवर्तले, आणि अखेरच्या काळात त्यांनी मुलांच्या संगोपनावर लिहिलेल्या पुस्तिकेचे मराठीतही भाषांतर झाले.

मुले मोठी होऊ लागली की व्यवस्थेचा काही भाग त्यांच्याकडे सोपवावा: आधी प्रत काढण्याचे काम, मग सुधारणा बसवण्याचे, मग नव्या मित्राला यादीत घेण्याचा निर्णय, तोही सर्वांशी बोलून. दहावी-बारावीनंतर गट पांगतो तेव्हा प्रत्येकाला जगाच्या फोल्डरची एकेक प्रत द्यावी. माइनक्राफ्टच्या मूळ सर्व्हरचे फोल्डर एकट्याने खेळायच्या प्रतीत जसेच्या तसे उघडते. वेग वाढवण्यासाठी सुधारित सर्व्हर प्रोग्राम वापरला असेल तर खेळातले पाताळ आणि अंतिम लोक हे प्रदेश वेगळ्या फोल्डरांत गेलेले असू शकतात, आणि प्रत देण्यापूर्वी ते मुख्य फोल्डरात हलवावे लागतात.